बेबीची निळी खिचडी

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. छत्तीस वर्षं मी इंदूरच्या मराठी शाळेत मुलींना विज्ञान शिकवलं. आठवीच्या साठ मुलींच्या हातात परीक्षानळ्या देऊन ज्याचं डोकं थंड राहील त्याला माझा बसल्या जागेवरून नमस्कार. त्यामुळे ज्या संध्याकाळी टीव्हीवर बेबीची साबुदाण्याची खिचडी काळीनिळी झाली आणि खाली लाल पट्टी धावायला लागली, तेव्हा मी रिमोट भिंतीवर फेकला. रिमोट गेला, बातमी चालूच राहिली. आणि माझ्या शेजारी सोफ्यावर बसलेली बेबी, जिच्या पोटावर त्या बातमीने पाय दिला होता, ती पदर तोंडात कोंबून हसत होती.

बेबी हे तिचं लाडाचं नाव नव्हे. आधार कार्डावरसुद्धा बेबी धायगुडेच आहे. वय पंचावन्न, दोन्ही गुडघे कुरकुरतात, आणि बडा गणपतीच्या देवळाभोवतीचा सगळा इलाका तिला बेबी म्हणतो. कोणी बेबीताई, कोणी बेबीजी, कॉलेजची पोरं बेबी आंटी. पणजोबा होळकरांच्या फौजेत घोडेस्वार होते म्हणे. मी एकदा विचारलं, मग तो घोडा कुठे गेला? तर म्हणाली, "बाई, घोड्याला पेन्शन मिळाली. आम्हालाच नाही मिळाली."

मला ती बाई म्हणते, कारण आठवीत ती माझ्या वर्गात होती. नववीत आई आजारी पडली आणि तिची शाळा सुटली. पुढे लग्न झालं. नवरा मिलमध्ये होता. आधी मिल बंद पडली, मग नवऱ्याची तब्येत बिघडली, मग नवराही गेला. मुलगी तन्वी तेव्हा दोन वेण्या घालून चौथीत जात होती. तेव्हा बेबीने मालोजीरावांच्या ओट्यावर कढई ठेवली.

हे मालोजीराव म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडावर ज्यांचं पितळी भांड्यांचं दुकान होतं ते. पितळ घेणारे संपले, दुकानाचं शटर खाली आलं, पण दुकानापुढचा दगडी ओटा मोकळा होता. देवळाकडे जाणाऱ्या प्रत्येकाच्या वाटेत येतो असा. एकोणीस वर्षं त्यांनी बेबीकडून भाडं घेतलं नाही. दर मंगळवारी पानाचा एक दोना भरून खिचडी, लिंबू जास्त, एवढंच. त्या ओट्यावर तन्वी मोठी झाली, शिकली, आणि आता सिमरोलला कॉलेजच्या कॅम्पसमध्ये लॅब असिस्टंट आहे. ती आईला सारखी म्हणते, आता बस कर. बेबी म्हणते, "बस करून बसू कुठे? ओट्यावरच ना? मग कढई काय वाईट आहे!"

इंदुरात पोहेवाले पावलापावलाला आहेत. बेबीने डोकं चालवून उपासाचं धरलं. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, मधूनमधून एकादश्या आणि प्रदोष. "बाई, देवच इतके आहेत की मला छुट्टी मिळत नाही." मोकळी, मोत्यासारखी खिचडी, दाण्याचं कूट, हिरवी मिरची, सेंधा नमक, वरून फलाहारी मिक्सचर आणि लिंबू. उपास नसलेलेच जास्त खातात, हे वेगळं.

तर झालं असं. कुठल्याशा गोदामात बनावट साबुदाणा सापडल्याची अफवा मोबाइलवर फिरत होती. कुठलं गोदाम, कोणालाही ठाऊक नाही. गुरुवारी 'चौकन्ना खबर' नावाच्या चॅनलचा रजत नावाचा पोरगेला रिपोर्टर माइक घेऊन बेबीच्या ओट्यापुढे उभा राहिला. त्याने एक दोना खिचडी घेतली, खिशातून आयोडीनची बाटली काढली आणि कॅमेऱ्यापुढे चार थेंब टाकले. खिचडी निळीकाळी झाली. रजत दोन पावलं मागे सरला, जणू दोन्यातून नाग निघाला.

आता यात विज्ञान एवढंच आहे की आयोडीन स्टार्चवर पडलं की निळंकाळं होतं. साबुदाणा म्हणजे नखशिखांत स्टार्च. पोळी, भात, बटाटा, सगळ्याचं तेच होतं. मावा विकणारे त्यात स्टार्च मिसळतात का, हे बघायला ही परीक्षा करतात. या भियाने, म्हणजे आमच्या इंदुरी भाषेतल्या भाऊने, ती कुठेतरी अर्धवट ऐकली आणि साबुदाण्यावर करून टाकली. आठवीच्या पुस्तकातली गोष्ट! आणि हे लोक शहराला जागं करणार!

बेबीच्या टीव्हीचा रिचार्ज संपला होता, म्हणून संध्याकाळी ती स्वतःला बघायला माझ्याकडे आली. येताना नवं लुगडं नेसून आली होती, आता बोला.

बातमीचं नाव 'ज़हर के मोती'. आधी दार करकरल्याचा आवाज. मग राजवाड्यासमोरून फुटबॉलएवढे साबुदाणे गडगडत येतायत आणि कार्टूनमधली माणसं जीव मुठीत धरून पळतायत. मग बेबी, सावकाश, एकदम सावकाश, ओट्याकडे चालत येते आणि कढईत पलटा फिरवते. तिच्या मुठीभोवती लाल गोल. "ग़ौर से देखिए, इस महिला के हाथ में क्या है?" असं तीनदा विचारलं. हातात लिंबू होतं.

"बाई," बेबी डोळे पुसत म्हणाली, "एवढा मोठा साबुदाणा भिजायला किती दिवस लागत असतील हो?"

"बेबी, हसू नकोस! तुझी बदनामी करतायत!"

"ते करतायतच. पण बघा ना, मी कशी चालते! सगळं आयुष्य धावत गेलं, पहिल्यांदाच कोणीतरी मला निवांत चालवलं."

तिथेच माझा रिमोट गेला.

शुक्रवारी गल्लीत एकच चर्चा. पण इंदूरच्या आमच्या मराठी बायकांची चर्चा कुठे गेली, ते ऐकण्यासारखं आहे. त्या चॅनलने दोन गोष्टी सांगितल्या होत्या. साबुदाण्यात प्लास्टिक असू शकतं, किंवा तांदळाचं पीठ असू शकतं. दुसऱ्या कुठल्या गावात बायका प्लास्टिकला घाबरल्या असत्या. आमच्याकडे सगळ्या जणी आनंदीबाईंच्या दारात जमल्या. आनंदीबाई चौऱ्याऐंशीच्या, उपासतापासाच्या बाबतीत आमचं हायकोर्ट.

"आजी, प्लास्टिक उपासाला चालतं का?" एकीने विचारलं. अगदी मनापासून विचारलं हो.

आनंदीबाईंनी डोळे मिटून विचार केला. "प्लास्टिक काही धान्य नाही," त्या म्हणाल्या. "पोट दुखेल, पण उपास मोडायचा नाही. तांदूळ निघाला तर मात्र गेलं सगळं. आणि मंगळवारी अंगारकी आहे."

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. संकष्टी मंगळवारी आली की ती अंगारकी. ती एक धरली की वर्षभराच्या संकष्ट्यांचं पुण्य, असं म्हणतात. म्हणजे अंगारकीला पोटात तांदळाचा कण गेला की वर्षच फुकट गेलं. त्या दिवशी बडा गणपतीला सकाळपासून ही रांग असते, आणि बेबीची कढई वर्षातून कधी नव्हे इतक्यांदा भरते. हायकोर्टाचा निकाल संध्याकाळपर्यंत गल्ली ओलांडून चौकात पोचला. शनिवारी, मारुतीचा वार असून, बेबीची अर्धी कढई तशीच राहिली. विषाला कोणी घाबरलं नव्हतं. सगळे तांदळाला घाबरले होते.

खाद्य विभागाची माणसंही शनिवारीच आली. सभ्यपणे बोलली, साबुदाण्याचा नमुना सील करून घेऊन गेली. रिपोर्ट चौदा दिवसांनी. अंगारकी तीन दिवसांनी.

आणि त्याच दुपारी मालोजीराव काठी टेकत ओट्याशी आले. मी तिथेच उभी होते. म्हातारा बिचारा बेबीकडे बघेना, कढईकडे बघत बोलला.

"बेबी, आमचा अनीश म्हणतो, ओटा घ्यायला मोमोवाला तयार आहे. तो भाडं देतो. आजवर मी मुलाला अडवत आलो. पण आता तो म्हणतो, आपल्या ओट्याचं नाव टीव्हीवर विषासोबत येतंय. मी त्याला मंगळवारपर्यंत थांब म्हटलंय. अंगारकीलाही जर कोणी आलं नाही, तर मग माझ्याकडे बोलायला काही राहत नाही गं."

बेबी हसली नाही. तिने फक्त हातातल्या फडक्याने ओट्याची कड पुसली, जी आधीच स्वच्छ होती.

मी घरी आले ती तणतणतच. म्हटलं, आता विज्ञानच मैदानात उतरवते. 'चौकन्ना खबर'ला फोन लावला आणि त्या रजतला असं झापलं, असं झापलं, की तो म्हणाला, "आंटीजी, आप तो एक्सपर्ट हो! आपका इंटरव्यू लेते हैं ना." मी बाई मूर्ख, खूश झाले.

रविवारी सकाळी रजत आणि कॅमेरावाला माझ्या बैठकीत. रजतने पिशवीतून पांढरा कोट काढला. म्हणे विज़ुअल चांगलं येईल. तो कोट कुठल्यातरी नाटकातला होता, खिशात टिकल्यांचं पाकीट सापडलं. मागे काचेच्या ग्लासांतून काहीतरी रंगीत हवं म्हणाला, म्हणून मी खसाचं हिरवं सरबत करून ठेवलं. नंतर ते त्यानेच प्यायलं, दोन ग्लास. मग मी कॅमेऱ्यात डोळे रोखून, वर्गात सांगायचे तसं, एकेक शब्द तोडून सांगितलं, "साबूदाना नीला हो जाए तो कोई बात नहीं. नीला न हो, तब चिंता की बात है."

संध्याकाळी लावलं. मी कोटात, मागे हिरवं रसायन. आणि माझ्या तोंडून फक्त एवढंच, "चिंता की बात है." मग पुन्हा, घुमवून, "चिंता की बात है… बात है… बात है." खाली पट्टी, 'विशेषज्ञ ने भी माना'.

रिमोट नव्हता म्हणून फेकता आला नाही. मी आत जाऊन देवघरापुढे बसले आणि रडले. छत्तीस वर्षांत मी कोणाला अर्धं वाक्य शिकवलं नाही, आणि त्यांनी माझंच अर्धं कापून बेबीच्या गळ्यावर ठेवलं.

सोमवारी दुपारी मी बेबीच्या घरी गेले. माफी मागायला. मला माफी मागता येत नाही, सवयच नाही, त्यामुळे दारातच तिच्यावर ओरडले, "तू मला अडवलं का नाहीस?"

बेबी जमिनीवर बसली होती. समोर साबुदाण्याचं अख्खं पोतं आणि मोठमोठी पातेली. साबुदाणा आदल्या दिवशी भिजवावा लागतो, नाहीतर दुसऱ्या दिवशी तो मोकळा होत नाही. आणि एकदा भिजवला की परत सुकवून पोत्यात भरता येत नाही. म्हणजे उद्या लोक येणार की नाही, हे तिला आजच ठरवायचं होतं.

"किती भिजवतेस?" मी विचारलं.

"अंगारकीला भिजवते तेवढाच. सगळा."

"अगं, कोणी आलं नाही तर?"

"तर तुम्ही आणि मी आठवडाभर खाऊ." मग माझ्याकडे बघून तिचा चेहरा फुलला. "काय दिसत होतात हो कोटात! मागचं ते हिरवं विष मला पण पाजा कधीतरी."

"बेबी, माझ्यामुळे तुझा ओटा जाईल."

तिने पातेल्यात पाणी ओतलं, बोटाच्या पेराने उंची बघितली. "बाई, एक विचारू? आठवीतलं आठवतंय तुम्हाला? डब्यांचं?"

मला आठवत होतं. एक्केचाळीस वर्षं आठवत होतं, पण तिला आठवत नसावं अशी मी आशा करत होते. नोकरीचं माझं पहिलं वर्ष. मी वर्गात बटाट्यावर आयोडीन टाकून दाखवलं होतं. मधल्या सुट्टीत ही बेबी ड्रॉपर घेऊन पळाली आणि वर्गातल्या सगळ्या मुलींच्या डब्यांत थेंब थेंब टाकत गेली. पोळ्या निळ्या, भात निळा, एकीची गुरुवारची साबुदाण्याची खिचडी निळी. रडारड झाली. मी तिला तीन दिवस वर्गाबाहेर उभं केलं, आणि प्रॅक्टिकलमध्ये दहापैकी शून्य दिले.

"मला बघायचं होतं, की कोणाचा डबा निळा होत नाही," बेबी म्हणाली. "कोणाचाच नव्हता हो तसा. वकिलाच्या मुलीचा पण निळा, माझा पण निळा. मला एवढी गंमत वाटली! बाहेर उभी होते तरी हसतच होते, म्हणून तुम्ही अजून चिडलात."

संपूर्ण वर्गात एकटी तीच शास्त्रज्ञासारखी वागली होती, आणि मी तिला शून्य दिले होते.

"बाई, तुम्ही कितीही समजावून सांगा, ते कापणार. सांगायचंच नाही. उद्यासाठी मला बाटली भरून ते औषध करून द्या. आणि ड्रॉपर."

मी मेडिकलमधून टिंक्चर आयोडीन आणलं, पाण्यात बेतशीर पातळ केलं, आणि संध्याकाळी तिला बाटली नेऊन दिली.

मंगळवारी सकाळी सातला बेबीने ओट्यावर पुठ्ठ्याची पाटी उभी केली. अक्षर आठवीतलंच, उजवीकडे चढत गेलेलं. 'आमची खिचडी निळी होते. तुमचा डबा आणा, तो पण बघू.' खाली हिंदीत तेच. बाजूला बाटली, ड्रॉपर, चाचणीसाठी रिकाम्या वाट्या, आणि कढई.

आठपर्यंत कोणी फिरकलं नाही. रांगेतल्या बायका लांबूनच पाटी वाचत होत्या. मालोजीराव समोर खुर्ची टाकून बसले होते, अनीश बाजूला उभा, कानाला मोबाइल, पलीकडे बहुतेक मोमोवालाच. मी मनातल्या मनात गणपतीला असं काही बोलत होते की त्याला भक्ती म्हणता येणार नाही.

सव्वाआठला रजत आला. कॅमेरा, माइक, आणि हातात कागदाची प्लेट. पोहे. इंदूरचा माणूस, सकाळचं दुसरं काय खाणार! अर्धे खाऊन झाले होते.

"लाइव है क्या?" बेबीने विचारलं.

"एकदम लाइव, आंटीजी. बोलिए, क्या कहना है?"

"मला काही म्हणायचं नाही भिया. जरा तुमचे पोहे द्या."

त्याने गोंधळून प्लेट पुढे केली. बेबीने ड्रॉपर उचलला आणि उरलेल्या पोह्यांवर दोन थेंब टाकले. पोहे निळेकाळे. शेवेच्या खाली, जिरावन मसाल्याच्या खाली, सगळे. रजतचा घास घशात अडकला. तो प्लेटकडे बघतो, कॅमेऱ्याकडे बघतो, मग स्वतःच्या पोटाकडे बघतो.

"अरे भिया, ये तो गया!" रांगेतून कोणीतरी ओरडलं. "ॲम्बुलन्स बुलाओ रे!"

आणि मग जे हसू फुटलं! देवळाच्या रांगेतून, रिक्षांतून, शेजारच्या दुकानांतून. रजत स्वतःपण हसायला लागला, करणार काय, कॅमेरा चालू होता. मी संधी सोडली नाही. माइक खेचला आणि माझं वाक्य पूर्ण म्हटलं, दोन्ही अर्धी, मधे श्वास न घेता. मग लोक पुढे यायला लागले. एकाने ऑफिसचा डबा उघडला. पोळी निळी. एका बाईने बॅगेतला उकडलेला बटाटा काढला. निळा. हवालदारसाहेबांनी ब्रेड पुढे केला. बेबी प्रत्येकाचं चिमूटभर वाटीत घ्यायची, थेंब टाकायची, दाखवायची, आणि वाटी बाजूला ओतून द्यायची. "बघा, तुमचा पण निळा. आपण सगळे एकाच पार्टीचे."

विष तर हसण्यावारी गेलं. पण तांदूळ राहिला होता. कारण आनंदीबाई काठी घेऊन स्वतः आल्या होत्या, आणि गर्दी आपोआप बाजूला झाली.

"हे सगळं ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण तांदूळपण निळाच होतो ना गं स्मिता?"

स्मिता म्हणजे मी, आणि खोटं बोलणं मला जमत नाही. "होतो आजी. या बाटलीने साबुदाणा आणि तांदूळ वेगळे नाही सांगता येत."

हशा एकदम थांबला. मालोजीरावांनी मान खाली घातली. बेबीने मात्र झाऱ्याने चार दाणे उचलले, गार केले आणि आनंदीबाईंच्या तळहातावर ठेवले. "आजी, तुम्हीच बघा. सत्तर वर्षं खिचडी केलीत."

आनंदीबाईंनी एक दाणा चिमटीत धरला आणि उन्हाकडे वर केला. दाणा काचेच्या मण्यासारखा आरपार दिसत होता. त्यांनी तो फिरवला, दाबला, पुन्हा उन्हात धरला. सगळी रांग वर बघत होती.

"तांदूळ कितीही शिजव, पांढराच राहतो," आनंदीबाई म्हणाल्या. "याच्यातून मला कळस दिसतोय." मग दोना पुढे केला. "घाल. मिरची कमी."

त्यानंतर काय झालं ते सांगताना माझा अजून ऊर भरून येतो. रांगेतल्या बायका दाणा उन्हात धरून कळस बघायला लागल्या, जणू तेही दर्शनच. कढई रिकामी झाली, भरली, रिकामी झाली. तन्वी सिमरोलहून सुट्टी टाकून आली आणि पदर खोचून मिरच्या चिरायला बसली. मी, विशेषज्ञ, लिंबं कापत होते. 'चौकन्ना खबर'वर दुपारी नवी पट्टी आली, 'पूरा इंदौर नीला!' आणि यावेळी राजवाड्यासमोरून फुटबॉलएवढे पोहे आले.

साडेबाराला पोत्यातल्या शेवटच्या साबुदाण्याची खिचडी कढईत होती. मालोजीराव उठले, ओट्याशी आले. अनीश मागे होता.

"माझा मंगळवारचा दोना," ते म्हणाले. "लिंबू जास्त." पहिला घास घेऊन त्यांनी मुलाकडे वळून बघितलं. "त्या मोमोवाल्याला सांग, ओटा रिकामा नाही."

"कधीच सांगितलं, बाबा," अनीश म्हणाला आणि स्वतःसाठी दोना घेतला.

बेबीने फडकं घेऊन ओट्याची कड पुसली, अगदी शनिवारसारखीच, पण आता तिचे डोळे वाहत होते, आणि ती पुसत होती ओटा. मग पाटी काढायला गेली.

"थांब," मी म्हटलं. माझ्या पर्समध्ये अजूनही लाल पेन असतं, सवय जात नाही. मी पाटी मांडीवर घेतली, कोपऱ्यात मोठ्या आकड्यांत '१०/१०' लिहिलं, खाली सही केली आणि तारीख घातली. लिहिताना अक्षर मला नीट दिसत नव्हतं.

बेबीने पाटी हातात घेतली. लांब धरून बघितली, जवळ धरून बघितली. मग नाक ओढून, डोळ्यांतल्या पाण्यासकट, ती अशी हसली की देवळाच्या पायरीवरची माणसं वळून बघायला लागली.

"काय हो बाई," ती म्हणाली, "एक पेपर तपासायला एक्केचाळीस वर्षं लावलीत!"